पंचावन्न मिलिमीटर

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरची मंडळी आधी पंपिंगचा आकडा शोधतात. 'ईएफ 60 टक्के' दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, असा हिशेब मांडून फाइल पिशवीत जाते आणि धुळ्याची किंवा चाळीसगावची एसटी पकडली जाते. त्याच कागदावर, मापांच्या रकान्यात, 'एओ रूट 46' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. खाली एक इंग्रजी नोंद असते : बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह. माणूस पंचवीस-तिशीचा असतो, दम लागत नाही, छाती दुखत नाही. अशा माणसाला 'तुझ्या हृदयात जन्मापासून एक खोट आहे आणि तिच्यामुळे वरची नळी फुगत चालली आहे' हे पटवणं डॉक्टरला अवघड जातं आणि ऐकणाऱ्याला त्याहून अवघड. हे पुस्तक त्या मापांच्या रकान्याविषयी आहे आणि तिथला आकडा फार वाढला तर जी शस्त्रक्रिया करावी लागते तिच्याविषयी आहे.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघून साऱ्या शरीराला रक्त पुरवणारी मुख्य नळी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी एक झडप असते. झडपेला तीन पाकळ्या असतात आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात, मिटतात. शंभरातल्या एक-दोन माणसांत मात्र गर्भात असतानाच दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि झडप दोन पाकळ्यांची होते. हृदयाच्या जन्मजात दोषांत हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो सुमारे तिपटीने आढळतो. लिओनार्दो दा विंचीच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रवह्यांतही दोन पाकळ्यांची झडप सापडते. तिचा आणि फाटणाऱ्या महाधमनीचा संबंध मात्र 1928 साली कॅनडातल्या मॉड अ‍ॅबट यांनी दाखवून दिला. बाई असल्यामुळे मॅकगिल विद्यापीठाने त्यांना वैद्यकीच्या वर्गात बसू दिलं नव्हतं. पुढे त्याच विद्यापीठाच्या संग्रहालयातली हृदयं तपासून त्यांनी जन्मजात हृदयदोषांचं शास्त्र उभं केलं.

खान्देशात लहान मुलाच्या हृदयात काहीही बिघाड निघाला तरी 'होल आहे' असंच म्हटलं जातं. दोन पाकळ्यांच्या झडपेत होल नसतं, मूल निळं पडत नाही, वजनही नीट वाढतं. शाळेत ते धावतं, पोळ्याला बैलांमागे पळतं. दोष कळतो तो बहुधा योगायोगाने : पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत, विम्याच्या कागदांसाठी, किंवा तापात छाती तपासताना एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या कानाला खटका लागतो म्हणून. तोवर वीस-तीस वर्षं उलटलेली असतात.

केळीच्या बागेत पाणी देणाऱ्या माणसाला पुढचं सगळं समजायला वेळ लागत नाही. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हचं झाकण वाकडं बसलं, तर एक तर पाणी मागे गळतं किंवा पुरतं वर चढत नाही. झडपेचं तसंच आहे. ती नीट मिटली नाही तर रक्त उलटं हृदयात येतं आणि हृदय ताणून मोठं होत जातं. तिच्यावर चुना साचून ती आखडली तर तिच्यातून रक्त ढकलण्यासाठी हृदयाची भिंत जाड होत जाते. शिवाय वाकड्या तोंडातून निघालेली धार पाइपाच्या एकाच बाजूवर आदळत राहते. महाधमनी फुगण्याचं एक कारण हेच सांगितलं जातं. दुसरं कारण पाइपाच्या मालातच असतं : या माणसांच्या महाधमनीच्या मधल्या थरातले लवचीक धागे मुळातच कच्चे असतात. धार दोषी की माल, यावर तज्ज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला आणि आता दोन्ही दोषी आहेत असं साधारण मान्य झालं आहे. दोन पाकळ्यांच्या झडपेच्या जवळजवळ निम्म्या लोकांत महाधमनी कधी ना कधी रुंदावते.

रुंदावलेल्या भागाला धमनीविस्फार म्हणतात. प्रौढ माणसाची वर चढणारी महाधमनी साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असते. ती वाढते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कधी तेवढीही नाही. पण गणित असं आहे की नळी जितकी रुंद, तितका तोच रक्तदाब तिच्या भिंतीवर अधिक ताण देतो, आणि रुंदावताना भिंत पातळही होत असते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन एलेफ्तेरियाडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांची मापं वर्षानुवर्षं जपली तेव्हा दिसलं की सहा सेंटिमीटरच्या आसपास फाटण्याचा धोका एकदम उसळी घेतो. म्हणून सहाच्या आधी थांबायचं ठरलं, आणि साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे पंचावन्न मिलिमीटर, हा शस्त्रक्रियेचा आकडा जगभर रुळला. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल, माप झपाट्याने वाढत असेल किंवा महाधमनी पुढे जिथे जन्मतःच अरुंद असते तसा जोडदोष असेल, तर पन्नासलाच शस्त्रक्रिया करतात. झडपेसाठी छाती उघडावीच लागणार असेल तर पंचेचाळीसलाही नळी बदलून टाकतात.

या आकड्याची पूजा मात्र करू नये. महाधमनी फाटलेल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचा 2007 साली एक अभ्यास आला. त्यातल्या 591 रुग्णांपैकी 59 टक्क्यांची महाधमनी फाटली तेव्हा साडेपाच सेंटिमीटरच्या खालीच होती. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड जिल्ह्यात दोन पाकळ्यांची झडप असलेल्या 416 जणांवर सरासरी सोळा वर्षं नजर ठेवली, तर त्यांतल्या फक्त दोघांची महाधमनी फाटली. म्हणजे इतरांच्या मानाने धोका सुमारे आठपट, तरीही एका माणसापुरतं बोलायचं तर थोडाच. बहुतेकांना घाबरण्याचं कारण नाही, मोजत राहण्याचं मात्र आहे. शिवाय पंचावन्नचा आकडा पाश्चात्त्य अंगकाठीच्या माणसांवरून निघाला. पाच फुटांच्या आतल्या, चाळीस किलोच्या पावरा किंवा भिल्ल बाईला पन्नास मिलिमीटरची महाधमनी सहा फुटी माणसाच्या पन्नासइतकीच निर्धोक कशी असेल? अलीकडची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच उंचीशी प्रमाण लावून पाहा असं सांगतात. रिपोर्टवर उंची लिहिण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरती पडलेली नाही.

फुगलेली महाधमनी दुखत नाही, हीच तिची लबाडी. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेणारा मजूर, सावद्याला माल भरणारा हमाल, जळगाव एमआयडीसीतला वेल्डर, जिममध्ये श्वास रोखून वजन उचलणारा पोरगा, या सगळ्यांचा रक्तदाब त्या जोराच्या क्षणी दीडपट-दुप्पट चढतो. निरोगी नळी तो झेलते. विस्फारलेल्या नळीचा आतला थर अशाच एखाद्या क्षणी चिरतो आणि रक्त दोन थरांमध्ये घुसून नळी उभी सोलत जातं. अर्नोल्ड श्वार्झनेगरची झडप जन्मजात दोन पाकळ्यांची होती हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. 1997 साली त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, 2018 साली पुन्हा छाती उघडावी लागली. हॉलिवूडच्या माणसाला 'आता जड उचलू नका' हे सांगणं सोपं आहे. रोजंदारीच्या माणसाला तेच सांगताना, मग तो करील काय, याचंही उत्तर हाताशी असावं लागतं. औषधाच्या चिठ्ठीवर ते नसतं.

आता शस्त्रक्रियेकडे. तिचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे आणि त्यात शिवणकामाचा वाटा मोठा आहे. ह्यूस्टनमधले मायकेल डीबेकी 1950च्या दशकात कृत्रिम रक्तवाहिनीसाठी कापड शोधत होते. दुकानात नायलॉन संपलं होतं, म्हणून दुकानदाराने डॅक्रॉन नावाचं नवं पॉलिस्टर दिलं, आणि त्यांनी घरी बायकोच्या शिलाई मशिनवर त्याच्या नळ्या शिवल्या. तेच कापड आजही वापरलं जातं. कपाशीवर पिढ्या जगवलेल्या खान्देशातल्या माणसाच्या छातीत शेवटी पॉलिस्टर जातं, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. डेंटन कूली यांच्यासोबत डीबेकींनी 1956 साली हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने वर चढणारी महाधमनी बदलली. पुढे 31 डिसेंबर 2005 रोजी, वयाच्या 97व्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महाधमनी सोलली. ज्या आजाराचं वर्गीकरण त्यांच्या नावाने ओळखलं जातं, तोच आजार. त्यांच्याच शिष्यपरंपरेतल्या सर्जनांनी त्यांना वाचवलं आणि ते 99व्या वर्षापर्यंत जगले.

झडप आणि नळी दोन्ही एकदम बिघडलेली असेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ह्यू बेंटॉल यांनी सोडवला. नळीची भिंत टाका धरेना, तेव्हा त्यांनी कृत्रिम झडप कापडी नळीच्या टोकाला शिवून घेतली आणि दोन्ही एकसंध बसवली. अँटनी डी बोनो यांच्यासह त्यांनी 1968 साली हे तंत्र प्रसिद्ध केलं. आजही नाशिक-मुंबईच्या वॉर्डात 'याचं बेंटॉल झालंय' असं म्हणतात ते यावरून.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर ती अचाट वाटते, पण तिचा प्रत्येक टप्पा ठरलेला आहे. छातीचं हाड करवतीने उभं कापतात. रक्त यंत्राकडे वळवतात आणि पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात. फुगलेली नळी उघडून झडपेच्या आखडलेल्या पाकळ्या कापून काढतात, चुन्याचा कण न कण वेचतात, कारण एक कण निसटून मेंदूत गेला तर लकवा ठरलेला. मग खरी कसोटी येते. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं याच नळीतून निघतात. ती भोवतीच्या भिंतीच्या तुकड्यासह, शर्टाच्या बटणाएवढी, कापून सुटी करतात. झडप-नळीच्या कडेतून आणि हृदयाच्या मुखातून गोलाकार टाके ओवून घेतात, सगळे दोरे ताणून धरत नळी खाली सरकवतात, बसवतात, गाठी मारतात. नळीला दोन भोकं पाडून ती दोन 'बटणं' तिथे शिवतात. यातलं एक जरी पीळ खाऊन बसलं तर नवी झडप कितीही उत्तम असली तरी हृदय सुरू होत नाही. बेंटॉल स्वतः अशी बटणं कापत नसत, जुन्या नळीचं आवरण वरून गुंडाळत. त्यात टाक्यांच्या जागी रक्त साचून नवे फुगे होत, म्हणून पुढे निकोलस कुचुकोस यांनी बटणांची रीत रूढ केली. वेळेवर, ठरवून केलेल्या बेंटॉलमध्ये अनुभवी ठिकाणी शंभरातले दोन-चार रुग्ण दगावतात. फाटल्यावर रात्री-अपरात्री केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. सगळा खेळ या फरकाचा आहे.

पाकळ्या धड असतील तर झडप ठेवून फक्त नळी बदलण्याचं तंत्र टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांनी 1992 साली मांडलं. डोनल्ड रॉस यांनी 1967 सालीच रुग्णाची फुफ्फुसाकडची झडप महाधमनीच्या जागी बसवून दाखवली होती. सगळ्यांत वेगळी गोष्ट टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश इंजिनिअरची. स्वतःची महाधमनी फुगते आहे हे कळल्यावर, आयुष्यभर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या नकोत म्हणून, त्याने नळीच्या बाहेरून बसणारी तंतोतंत मापाची जाळी स्वतः आरेखित केली आणि 2004 साली ती पहिल्यांदा स्वतःलाच बसवून घेतली. मांडीतून तार घालून झडप बदलण्याचं नवं तंत्र मात्र इथे फारसं कामाचं नाही. त्याने झडप बदलते, फुगलेली नळी जिथल्या तिथेच राहते.

महाराष्ट्रात या कामाची पायवाट परळच्या केईएममध्ये पडली. डॉ. पी. के. सेन यांचं नाव 16 फेब्रुवारी 1968 च्या हृदयरोपणासाठी घेतलं जातं. पण सेन, डॉ. जी. बी. पारुळकर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली महाधमनीच्या दाहाचा 101 रुग्णांवरचा ग्रंथ काढला, तो त्या रोपणाइतकाच मोलाचा आहे. रोपणाचा रुग्ण काही तासच जगला. ग्रंथ पुढच्या कित्येक डॉक्टरांच्या हाताशी राहिला. आपल्याकडे प्रसिद्धी पहिल्याला मिळते, हे ओघाने आलंच.

दुसरा टप्पा तिरुवनंतपुरमचा. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने भारतीय झडप घडवायला घेतली. एकामागून एक नमुने फसले, एकात तर नीलमणी स्फटिकाची चकती फुटली. शेवटी साध्या दिसणाऱ्या पॉलिथिलीनच्या चकतीवर गाडं स्थिरावलं आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप पहिल्या रुग्णाला बसली. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवली गेली आहे. परदेशी झडपेची किंमत ऐकून ज्या घरांनी शस्त्रक्रियेचा विचारच सोडला असता, त्यांना तिने दार उघडलं.

धातूची झडप टिकते जन्मभर, पण रात्री शांततेत तिची टिकटिक ऐकू येते आणि तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला दीर्घकाळ गोळी लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणात आणखी लवकर. तिशीच्या पुरुषाला बहुधा धातूची सुचवतात. लग्न व्हायची किंवा मूल व्हायचं असलेल्या मुलीसमोर पेच पडतो, कारण ती गोळी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला घातक ठरू शकते. छातीवरच्या उभ्या व्रणामुळे सोयरीक मोडण्याची भीती वेगळीच. ती भीती डॉक्टरसमोर कुणी बोलत नाही आणि निर्णय मात्र पुष्कळदा तीच घेते.

गोळीबरोबर दुसरा आकडा आयुष्यात येतो : आयएनआर. रक्त किती पातळ आहे हे तो सांगतो, आणि महाधमनीच्या जागी धातूची झडप असलेल्याचा तो सर्वसाधारणपणे 2 ते 3 च्या दरम्यान हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आता थंडी पडली की खान्देशात शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात. बामणोदची हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत ठेचायची आणि त्यात कांद्याची पात मूठमूठ घालायची. वांगं निरुपद्रवी आहे, पात नाही. आठवडाभर मेथी, पोकळा आणि पात यांचा मारा झाला की आयएनआर खाली येतो. यावर 'पालेभाजी बंद' हा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. पालेभाजी रोज साधारण सारखीच खावी आणि गोळीचा डोस त्या मानाने ठरवून घ्यावा, हे बरोबर. दुखण्यावर दुकानातून मागून घेतलेल्या गोळ्या पातीपेक्षा जास्त घात करतात.

दातांचंही तेच. शस्त्रक्रियेआधी दातांच्या डॉक्टरचं पत्र मागतात तेव्हा नातेवाइकांना वाटतं, हृदयाचा आणि दाढेचा काय संबंध? किडक्या दातातले जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर घर करतात, आणि त्या संसर्गातून वाचणं बेंटॉलमधून वाचण्यापेक्षा कठीण असतं. तंबाखू-गुटख्याने हिरड्या गेलेल्या भागात हे पत्र नुसती औपचारिकता समजू नये.

पैशांची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगावला नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. तीच योजना 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं असलेलं तिचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलं आहे. रुग्णालयाच्या दाराशी बसणारा आरोग्यमित्र कागद बघून मंजुरीसाठी पाठवतो. अडतं ते रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळण्यात. झडप आणि महाधमनी दोन्हींसाठी जाणारा रुग्ण बहुधा नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा सुरत गाठतो. जळगाव-धुळ्यात अँजिओप्लास्टी होते, पण महाधमनीच्या मुळाचं काम वर्षात मोजकंच येतं आणि ते जिथे वारंवार होतं तिथेच करावं, यात कमीपणा काही नाही. योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. सोबतच्या दोघांची मुंबईतली राहण्याची सोय आणि बुडालेली रोजी ज्याची त्याला बघावी लागते.

छातीत अचानक, फाटल्यासारखी, पाठीकडे जाणारी कळ आली तर तालुक्याच्या दवाखान्यात पहिला संशय हार्ट अटॅकचाच घेतला जातो, आणि तो घ्यावाही. पण ईसीजी साधा असेल, दोन हातांतल्या रक्तदाबात मोठा फरक असेल आणि जुन्या फाइलमध्ये दोन पाकळ्यांची नोंद असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी थांबायला हवं. सोललेल्या महाधमनीत तेच इंजेक्शन प्राणघातक ठरतं. उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातला एखादा रुग्ण दगावतो असा जुना ठोकताळा आहे. धुळ्याहून कसारा घाट उतरून मुंबईला पोचायला सहा तास सहज लागतात. यासाठी जुनी फाइल पत्र्याच्या पेटीत नको, आजारी माणसाबरोबर हवी.

राहिला प्रश्न शोधण्याचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. पण दोन पाकळ्यांची झडप शाळेच्या वयात कुरकुर करत नाही, आणि करू लागते तेव्हा मुलगा या कार्यक्रमाच्या वयातून बाहेर पडलेला असतो. पथकातल्या डॉक्टरने जांघेतली नाडी चाचपली आणि ती मनगटाच्या नाडीपेक्षा क्षीण लागली, तर महाधमनी पुढे अरुंद असल्याचा संशय येतो. तसा अरुंदपणा असलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलांची झडप दोन पाकळ्यांची निघते. या तपासणीला दोन बोटं आणि अर्धा मिनिट पुरतो.

मोठ्यांसाठी याहून सोपी वाट घरातूनच जाते. एकाची झडप दोन पाकळ्यांची निघाली तर त्याच्या आईवडील, भावंडं आणि मुलांपैकी दहातल्या एकाची तशी निघू शकते. म्हणून सगळ्यांचा एकदा इको करावा, आणि झडप तीन पाकळ्यांची निघाली तरी प्रत्येकाच्या वर चढणाऱ्या महाधमनीचं माप घ्यावं. इकोत ती पुरती दिसली नाही तर एकदा सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी. बेंटॉल झालेला थोरला मुंबईहून सुटी होऊन येतो तेव्हा नातेवाईक नारळ आणि फळं घेऊन भेटायला येतात. त्याच आठवड्यात धाकट्याला इकोला न्यावं, कारण पुढच्या आठवड्यात कापूस वेचणी लागते आणि मग ते राहून जातं.